चहाची पाच मिनिटं : कारखान्यातली माणसं नाराज का होतात

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यात, मी अकरा वर्षं काढली. आधी साच्यांसाठीचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये, मग सुपरवायझर म्हणून आणि शेवटची चार वर्षं हजेरी, रजा आणि तक्रारींच्या टेबलावर. कारखान्याचं नाव घेत नाही. मच्छे असो, होनगा असो की काकती, हे कुठेही घडलं असतं.

एका सोमवारी सकाळी टाइम ऑफिसच्या काचेवर एक कागद चिकटलेला दिसला. इंग्रजीत चार ओळी आणि खाली सही. चहाची सुट्टी उद्यापासून पंधरा मिनिटांऐवजी दहा मिनिटं. का, ते लिहिलेलं नव्हतं. येळ्ळूरचे एक जुने मोल्डर, म्हणजे साचे घालणारे मामा, त्या कागदासमोर उभे राहिले. शेजारच्या ट्रेनी पोराला म्हणाले, "वाच बघू बाळा, काय लिवलंय." पोरानं वाचून सांगितलं. मामांनी नुसती मान हलवली, हातातला पेला नळाखाली धुतला, पालथा घातला आणि साच्यांकडे निघून गेले.

संप झाला नाही. कुणी ऑफिसात येऊन बोललंही नाही. मालकांना वाटलं, मिटलं. पण पुढच्या दोन महिन्यांत रिजेक्शन, म्हणजे बिघडलेल्या मालाचं प्रमाण, वाढत गेलं. ओटीला (ओव्हरटाइमला) थांबा म्हटलं की प्रत्येकाला घरी काहीतरी काम निघायला लागलं. पूर्वी मशीन अडकली की माणसं आपणहून पाना घेऊन धावायची, आता मेंटेनन्सवाला येईपर्यंत हात बांधून उभी राहायला लागली. दिवाळीचा बोनस हातात पडला आणि आठवड्याभरात सात जणांनी काम सोडलं. त्यातले चार आमचे सगळ्यात चांगले हात होते. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पाच मिनिटांसाठी एवढं?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर पुष्कळ वाचलं, पुष्कळ माणसांशी बोललो. जे समजलं ते मालक, मेस्त्री आणि कामगार, तिघांनाही कळेल अशा भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

काय ठरलं, कसं ठरलं, कसं सांगितलं

भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा काय होतं ते आठवा. चौघं एकत्र बसली, वडीलधाऱ्यांनी बाजू ऐकली, कुणाच्या वाट्याला विहीर आली, कुणाला दोन गुंठे कमी आले, तरी पुढे ते भाऊ एकमेकांच्या घरी जेवायला जातात. पण थोरल्यानं परस्पर तलाठ्याकडे जाऊन नावं चढवली आणि धाकट्याला ते उताऱ्यावर बघून कळलं, तर वाटणी अगदी समसमान असली तरी बोलणं कायमचं तुटतं. जमीन तेवढीच असते. तुटतं ते दुसरंच काहीतरी.

नोकरीतल्या नाराजीचंही असंच आहे. माणूस प्रत्येक निर्णय मनात तीनदा तोलतो. मला काय मिळालं, हे पहिलं. ते कसं ठरलं, माझ्या बाजूनं कुणी बोललं का, नियम सगळ्यांना सारखा लावला का, हे दुसरं. आणि ते मला कसं सांगितलं, माणूस समजून सांगितलं की मशीनवर स्टिकर लावावा तसं चिकटवलं, हे तिसरं. पहिल्यात थोडं कमी-जास्त झालं तर माणूस सोसतो. पण दुसरं आणि तिसरंही बिघडलं की ते त्याच्या मनातून जात नाही.

हे नुसतं माझं मत नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. मोठी ऑर्डर हातची गेल्यामुळे त्यातल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी सगळ्यांचा पगार १५ टक्क्यांनी कापला. एका कारखान्यात वरिष्ठ स्वतः आले, हिशेब दाखवला, कुणाला काढावं लागू नये म्हणून हे करतोय असं सांगितलं, खेद व्यक्त केला आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात थोडक्यात कळवलं आणि विषय संपवला. तिसऱ्यात कपातच नव्हती. त्या दहा आठवड्यांत कारखान्यातून वस्तू चोरीला जाण्याचं प्रमाण मोजलं. जिथे नुसतं कळवलं होतं तिथे चोऱ्या सगळ्यात जास्त झाल्या आणि काम सोडून जाणारेही तिथेच जास्त निघाले. जिथे नीट समजावलं होतं तिथे चोऱ्या थोड्या वाढल्या, पण पुष्कळच कमी. दोन्हीकडे खिशातून गेलेले पैसे सारखेच होते.

हा अभ्यास वाचला तेव्हा मला तो काचेवरचा कागद आठवला. आमच्याकडे कुणी चोरी केली नाही. आमच्या माणसांनी फक्त आपलं मन काढून घेतलं, आणि फाउंड्रीत मन काढून घेतलं की ते कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, दिसतं.

पगाराचं काय?

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण वरचं वाचून एखादा मालक म्हणेल, "बघा, पैशाचा प्रश्नच नाही, गोड बोललं की झालं." तसं अजिबात नाही. पगार वेळेवर होत नसेल, ओटी दुपटीनं मिळत नसेल, पीएफ पगारातून कापून खात्यात भरला जात नसेल, तर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे. पोटाचा प्रश्न आधी.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली. कामात आनंद कशानं मिळतो आणि कामाचा वैताग कशानं येतो, या एकाच दोरीच्या दोन टोकांसारख्या गोष्टी नाहीत. दोन्हींची कारणंच वेगळी आहेत. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम ही आमटीतल्या मिठासारखी असतात. मीठ बरोबर असेल तर कुणी "वा, काय मीठ आहे" म्हणत नाही. नसेल तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सरतं. आनंद येतो तो वेगळ्याच वाटेनं : अवघड काम जमलं, त्याचं श्रेय मिळालं, जबाबदारी मिळाली, नवीन काही शिकायला मिळालं, यातून. त्यांच्या निष्कर्षांवर नंतर बरेच आक्षेप घेतले गेले, माणसं इतकी सरळ दोन भागांत पडत नाहीत असं बऱ्याच जणांनी दाखवलं. तरी शॉपमध्ये उभं राहून बघितलं तर मिठाची गोष्ट पटते.

आमच्याकडे वार्षिक दिनाला टी-शर्ट वाटले होते, चांगल्या कापडाचे. त्याच महिन्यात फेटलिंग शेडमधला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथला, पाण्याचा कूलर बंद होता. ग्राइंडरवर आठ तास ठिणग्यांत उभं राहणारी माणसं बाटल्या घेऊन मशीन शॉपपर्यंत चालत यायची. टी-शर्टाबद्दल कुणी आभार मानले नाहीत म्हणून ऑफिसात वाईट वाटलं. आधी पाणी, मग टी-शर्ट, एवढा क्रम पाळला असता तर तेच टी-शर्ट कौतुकानं अंगात दिसले असते.

शेजारच्याच्या ताटाकडे

माणूस आपला पगार आकड्यात मोजत नाही, शेजारच्याच्या पगाराशी लावून मोजतो. स्टेसी ॲडम्स यांनी १९६० च्या दशकात हे शास्त्र म्हणून मांडलं, पण पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला ते आधीच ठाऊक असतं. आपण किती राबलो आणि आपल्याला काय मिळालं, तो किती राबला आणि त्याला काय मिळालं.

आता आपल्या शेडमध्ये बघा. एकाच सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) पहिल्या पाळीला पर्मनंट माणूस, दुसऱ्या पाळीला कंत्राटी. जॉब तोच, टार्गेट तेच, पगारात मात्र मोठा फरक. एका दिवाळीला आमच्याकडे पर्मनंटना मिठाईचा किलोचा बॉक्स आणि कंत्राटी मुलांना पाव किलोचा, तोही कंत्राटदाराच्या माणसाकडून गेटबाहेर. पिरनवाडीचा एक मुलगा तो बॉक्स हातात घेऊन माझ्यापाशी आला. म्हणाला, "सर, पैशाचा फरक समजतो मला, मी मागून आलोय. पण पेढ्याचा फरक का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांना एकच बॉक्स द्यायला लावला. खर्च जेमतेम काही हजारांनी वाढला.

मधल्या मध्ये मेस्त्री

"मॅनेजमेंट" म्हटलं की आपल्याला केबिनमधले साहेब दिसतात. पण मोल्डरच्या दृष्टीनं कंपनी म्हणजे त्याचा मेस्त्री. रजा तोच देतो, ओटी तोच लावतो, शिवी देतो तोही तोच आणि पाठीवर हात ठेवतो तोही तोच. नाराजीची शंभरातली नव्वद पावलं मेस्त्रीपाशी येऊन थांबतात. म्हणून मी जरा इथे थांबतो.

मेस्त्री होतो कोण? जो सगळ्यात चांगला कारागीर असतो तो. वीस वर्षं उत्तम साचे घातले म्हणून एका सकाळी त्याच्या हाती वही देतात आणि अठरा माणसं सोपवतात. माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. साचा बिघडला तर मोडून परत घालता येतो, माणसाचं तसं नाही, हे त्याला चुकत-माकत कळतं, आणि त्या चुका अठरा जण सोसतात. त्याला स्वतःला जसं वागवलं गेलं तसंच तो वागवतो. त्याच्या मेस्त्रीनं ओरडून काम घेतलं, हाही ओरडतो. वरून टनेजचा आकडा येतो, खालून "उद्या पोराला दवाखान्यात न्यायचंय" येतं, आणि या दोन्हींच्या मधे तो एकटा उभा असतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते आता तो आला की गप्प होतात.

मी सुपरवायझर झालो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका बुजुर्ग माणसाला सगळ्यांसमोर फाडकन बोललो. कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा साच्यातला गाभा, त्यांनी चुकीचा बसवला होता. चूक त्यांची होती, पण ते माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी मला "होय साहेब" म्हटलं. त्या दिवसापर्यंत ते मला नावानं हाक मारायचे. पुढे तीन वर्षं त्यांच्या तोंडून माझं नाव आलं नाही. हे मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवून गेलं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस "कामगार" या व्याख्येत बसत नाही. म्हणजे कामगारांसाठी असलेल्या तक्रार समितीचं दार अशा मेस्त्रीला बंद, आणि साहेब लोकांच्या मीटिंगमध्ये त्याला खुर्ची नाही. माझ्या मते कारखान्यात सगळ्यात एकटा माणूस तोच आहे. संस्कृती सुधारायची भाषा करणाऱ्यांनी पहिला खर्च त्याच्यावर करावा.

मुठीतली वाळू

बेळगावच्या पावसाळ्यात वाळूचं तंत्र बिघडतं. ओलसर वाळूच्या साच्यात पाणी जरा जास्त झालं की वितळलेलं लोखंड पडताच वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, राहतात. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र असतं. पण आमचे येळ्ळूरचे मामा वाळू मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे, गोळ्यावर बोटांचे ठसे बघायचे आणि मग गोळा मधोमध मोडायचे. कड कशी तुटते यावरून सांगायचे, "पाणी ज्यास्त झालंय, मिक्सर थांबवा."

चहाच्या कागदानंतरच्या जुलैमध्ये एकदा अख्ख्या पाळीचा माल ब्लो होलमध्ये गेला. मी मामांना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं? म्हणाले, "कळलं की. सकाळीच." मग सांगितलं का नाही? "विचारलं कोण?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागावलेला माणूस अजून आपल्याशी बोलत असतो.

कामाच्या ठिकाणची शांतता वाचायला अवघड असते. एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत पाहणी केली. ज्या वॉर्डांत लोक एकजुटीनं काम करतात तिथे औषध देण्यातल्या चुका कमी होत असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत जास्त चुका नोंदल्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्सेस चूक झाली की लगेच सांगायच्या, कारण सांगितल्यावर आपला पाणउतारा होणार नाही याची त्यांना खात्री होती. इतर ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या.

म्हणून एखाद्या शेडमध्ये तक्रारच नाही असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला काळजी वाटते. आमच्या गेटपाशी एक तक्रारपेटी होती, हिरवी, पत्र्याची. मी टेबल हातात घेतलं तेव्हा तिची चावी सापडेना, कुलूप गंजलेलं. फोडून उघडली तर आत अकरा चिठ्ठ्या. सगळ्यात जुनी दोन वर्षांपूर्वीची, वहीच्या पानावर, बॉलपेननं : "रात्रपाळीत बाथरूममध्ये बल्ब नाही." लिहिणारा मुलगा काम सोडून गोव्याला गेला होता. बल्ब तेव्हाही नव्हता. मी स्वतः स्टोअरमधून घेऊन लावला, पण ज्यानं मागितला त्याला तो कधीच मिळाला नाही.

आपल्या भागातलं दुखणं

काही गोष्टी या पट्ट्याच्याच आहेत. आमच्याकडचा कामगार अर्धा शेतकरी असतो. जुलैत भाताची रोप लावणी, नोव्हेंबर-डिसेंबरात सुगी. येळ्ळूर, मजगाव, कंग्राळी, उचगाव, कुठल्याही गावचा माणूस घ्या, त्या आठ-दहा दिवसांत त्याचा जीव शेतात असतो. त्यात गावची महालक्ष्मी यात्रा आली, जी कित्येक वर्षांनी एकदा भरते, तर पाहुणेरावळे, मंडप, जेवणावळी सोडून तो भट्टीपाशी कसा थांबेल? बाहेरून आलेला मॅनेजर हजेरीपत्रक बघतो आणि म्हणतो, "इथली माणसं आळशी, सांगितल्याशिवाय दांडी मारतात." माणूस म्हणतो, "सांगून रजा मिळत नाही, म्हणून न सांगता जातो." दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. सुगीचा आठवडा कुठला आणि यात्रा कुठल्या गावची हे मे महिन्यातच विचारून कॅलेंडरवर मांडलं, तर अर्धी भांडणं होतच नाहीत. मी ते करून बघितलंय.

दुसरी गोष्ट भाषेची. सीमाभागात हा विषय निघाला की आवाज चढतात. शॉप फ्लोअरवर मात्र मी वेगळंच बघितलं. साचे घालणारे मराठी, फेटलिंगला बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड मुलं, भट्टीवर ओडिशा-बिहारचे, मॅनेजर कोइमतूरचे. काम करताना सगळे मिळून एक भाषा तयार करतात, अर्धी मराठी, अर्धी कन्नड, मधे हिंदी. कुणाचं अडत नाही. अडतं ते कागदापाशी. वॉर्निंग लेटर, रजेचे नियम, सेटलमेंटचा हिशेब, सह्या घेतात त्या न कळणाऱ्या मजकुराखाली. ज्याला कागद कळत नाही तो तीन गोष्टी करू शकतो : विचारून स्वतःचं अज्ञान दाखवणं, दुसऱ्यावर विसंबणं किंवा गप्प सही करणं. बहुतेक जण तिसरी करतात, आणि मग तो कागद आपल्याविरुद्धच असणार असं धरून चालतात. १९४८ च्या कारखाने कायद्यातच, कलम १०८ मध्ये, लिहिलेलं होतं की कायद्याप्रमाणे लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. कायदा करणाऱ्यांना हे तेव्हाही कळत होतं. एक कागद कन्नड आणि मराठी दोन्हींत टाइप करायला अर्धा तास लागतो.

जाणारे आणि राहणारे

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये म्हटलं होतं की नाराज माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा आवाज उठवणं. कुठली धरायची हे बरंचसं त्याच्या निष्ठेवर ठरतं. जिव्हाळा असेल तर तो आधी बोलून बघतो.

आमच्याकडे निघून जायच्या वाटा भरपूर आहेत. वेंगुर्ला रस्त्यानं हद्द ओलांडली की महाराष्ट्रातलं शिनोळी, हायवे धरला की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. खानापूरची मुलं गोवा धरतात, डिप्लोमावाली पुण्याला चाकण-भोसरीला जातात. आणि सगळ्यात आधी जातो तो सगळ्यात हुशार, कारण त्याला कुठेही काम मिळतं. ज्याला घरच्या म्हाताऱ्या माणसांमुळे किंवा कर्जामुळे हलता येत नाही तो राहतो, पण मनानं कधीच गेलेला असतो. मालकाच्या हिशेबात पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही.

आवाज उठवणाऱ्यांची आठवणही या मातीतच आहे. निपाणी म्हटलं की लोकांना १९८१ चं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. त्याच काळात तंबाखूच्या वखारींत धुळीत बसून काम करणाऱ्या हजारो बायकाही संघटित झाल्या होत्या. मजुरी हा त्यांचा प्रश्न होताच, पण आपल्याला कसं वागवलं जातं हाही तितकाच मोठा होता. त्यांच्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज आयटीआय झालेली, हातात स्मार्टफोन असलेली मुलं मला म्हणतात, "आमचं कोण ऐकणार," तेव्हा मी त्यांना निपाणीच्या बायकांबद्दल सांगतो.

कायद्यानं काय हाताशी दिलंय

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातलं आपल्या विषयापुरतं सांगतो. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिच्यात मालकाच्या आणि कामगारांच्या बाजूचे सदस्य समान, मिळून दहापेक्षा जास्त नाहीत, आणि अध्यक्षपद वर्षाआड एकेका बाजूकडे. बायका कामाला असतील तर त्यांच्या प्रमाणात त्यांना जागा. तक्रार घडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यायचा, समितीनं ३० दिवसांत काम संपवायचं. निर्णय पटला नाही किंवा मुदतीत झालाच नाही, तर ६० दिवसांत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, ओटी किमान दुप्पट दरानं आणि काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत. लैंगिक छळाच्या तक्रारीचा रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी.

सीमाभागात एक घोटाळा नेहमी होतो. घर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आणि काम कर्नाटकातल्या उद्यमबागेत, किंवा घर हिंडलग्याला आणि काम शिनोळीला. किमान वेतन आणि कामगार खातं कुठल्या राज्याचं, हे कारखाना कुठे आहे त्यावर ठरतं. आधार कार्डावरच्या पत्त्याचा त्याच्याशी संबंध नाही.

अर्ज करताना एका अर्जात एकच गोष्ट लिहा. तारीख, पाळी, काय घडलं, काय हवं. "नेहमी त्रास देतात" असं लिहिलं तर कुणाला काहीच करता येत नाही. "१२ आणि १९ तारखेची ओटी पगारात धरलेली नाही" असं लिहिलं तर टाळता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि समितीतल्या मालकाच्या बाजूच्या माणसांना माझी हात जोडून विनंती : "नाही" म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण तारीख देऊन, कारण देऊन आणि त्या माणसाकडे बघून म्हणा.

त्या पाच मिनिटांचं पुढे

दिवाळीनंतर नवीन वर्क्स मॅनेजर आले. कन्नड माणूस, मराठी मोडकं-तोडकं. पहिल्या आठवड्यात ते दहाच्या चहाला शेडमध्येच येऊन बसले, उलट्या पेटीवर. त्यांनी विचारलं, काय नको झालंय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चहा निघाला.

त्यांनी ऑफिसात येऊन फायली काढल्या आणि दुसऱ्या दिवशी लोकांना खरं कारण सांगितलं. चहाच्या वेळेला नेमकी हिट, म्हणजे एका वेळचं वितळलेलं लोखंड, ओतायला तयार व्हायची. पंधरा मिनिटं वितळलेलं लोखंड भट्टीत नुसतं गरम ठेवायला वीज जळायची, महिन्याचं बिल त्यांनी हातात धरून दाखवलं. तो आकडा आम्हा सुपरवायझरनाही माहीत नव्हता. फेटलिंगचा एक मुलगा म्हणाला, इतकं असेल तर आधीच सांगायचं होतं.

मामा उठले. म्हणाले, "सगळ्यांनी एकदम चहाला कशाला जायचं? आमी मोल्डिंगवाले धाला जातो. वतणारी मानसं हिट वतून मग जाऊ देत. भट्टी थांबतच न्हाई की मग."

मॅनेजरनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्यांनाच परत वाचून दाखवलं. पुढच्या सोमवारपासून चहा दोन तुकड्यांत सुरू झाला, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लागली आणि खाली मोल्डिंग, भट्टी, फेटलिंगच्या एकेका माणसाची सही होती. मामांची पहिली. पुढच्या पावसाळ्यात ते एका सकाळी मूठभर वाळू घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले, टेबलावरच्या फायलीवर तो गोळा मोडला आणि म्हणाले, "मिक्सर थांबवा."